रस्त्यावरची क्लासिक, स्पितीच्या दगडांवर

गाडी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, २०२० च्या आधीची, कार्बोरेटरवाली. ३४६ सीसी, कागदावर १९.८ बीएचपी, टाकी १३.५ लिटर, वजन १९२ किलोच्या आसपास आणि जमिनीपासूनची उंची १३५ मिलिमीटर. मार्ग चंदीगड ते मनाली, पण हिमाचलातल्या किन्नौर आणि स्पितीतून लांबचा वळसा घेऊन. वेळ सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. पाऊस ओसरलेला असतो, किन्नौरातल्या दरडी जरा शांत झालेल्या असतात आणि शेवटच्या टप्प्यातले, बातलच्या पुढचे नाले जुलैतल्यापेक्षा बरेच उतरलेले असतात. ही गाडी या रस्त्यासाठी बनलेली नाही. तरी ती जाते. तिच्यात नेमकं काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, एवढाच प्रश्न.

निघण्याआधी

सुरुवात हिशेबाने करू, कारण गॅरेजमध्ये सगळे आधी उंचीच्या मागे लागतात. मागचे शॉकअप २५ मिलिमीटर लांब लावले तर मागचं चाक तेवढं खाली जातं, पण इंजिन दोन चाकांच्या मध्ये असल्याने ते निम्मंच, म्हणजे साधारण १२ मिलिमीटर उचललं जातं. पुढच्या फोर्कमध्ये २० मिलिमीटरचा स्पेसर टाकला तर मध्यावर मिळतात फार तर १०. आता इंजिनाखाली दगडांपासून वाचवणारी बॅश प्लेट लावा. प्लेटची जाडी आणि तिच्या-इंजिनाच्या मधली फट मिळून १५ गेले. १३५ मध्ये १२ आणि १० मिळवा, १५ वजा करा: १४२. एवढा खर्च करून हाती सात मिलिमीटर, म्हणजे करंगळीची जाडीसुद्धा नाही. मागच्या कॅरिअरवर २० किलोचं सामान बांधलं की तेही गेले. त्यामुळे पहिला बदल गाडीत नाही, बॅगेत करायचा. हत्यारं आणि ट्यूब धरून सामान १५ किलोच्या आत बसलंच पाहिजे. जड वस्तू दोन्ही बाजूंच्या बॅगांत, खाली आणि सीटच्या शक्य तितक्या जवळ. शेपटावर उंच बांधलेली बॅग प्रत्येक खड्ड्यात कॅरिअरचं वेल्डिंग उचकटते.

प्लेट मात्र हवीच. या गाडीत इंजिनाखालून फ्रेमची नळी जात नाही, इंजिन स्वतःच फ्रेमचा भाग आहे. दगड लागला तर थेट केसिंगला लागतो. ४५ बाय २५ सेंटिमीटरची ३ मिलिमीटर लोखंडी प्लेट अडीच किलोच्या वर जाते, ४ मिलिमीटर ॲल्युमिनियमची सव्वा किलोत भागते. प्लेट आणि इंजिन यांच्यात १० मिलिमीटर फट ठेवा, सगळे बोल्ट रबरी बुशमधून जाऊ द्या आणि ऑइल काढायच्या बोल्टसमोर भोक पाडून घ्या. हे भोक विसरलं की ऑइल बदलताना दर वेळी प्लेट उतरवत बसावं लागतं. चिखल आणि पाणी निघून जायला आणखी तीन-चार भोकं हवीत. प्लेटवर साचलेला चिखल वाळला की हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला तो गोधडीसारखा पांघरला जातो.

शॉकअप लांब केले की मागोमाग चार कामं लागतात, आणि ती कुणी सांगत नाही. साइड स्टँड आखूड पडतो, गाडी जास्त कलते. स्टँडच्या टोकाला ७ बाय ७ सेंटिमीटरचा लोखंडी पाय वेल्ड करून घ्या, वाळूत रुतणंही टळतं. हेडलाइट खाली झुकतो, तो पुन्हा सेट करायचा. पुढचा फोर्क जरा उभा होतो, त्यामुळे हँडल हलकं आणि चंचल लागतं. म्हणून २५ मिलिमीटरच्या वर जायचंच नाही. चौथं काम चेनचं. मागचं चाक धरणारा स्विंगआर्म वर-खाली होताना पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र), स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणली जाते. सामान आणि माणूस बसवून, कुणाला तरी मागून दाबायला लावून या स्थितीत चेन मोजा. तिथे थोडी तरी ढील उरली पाहिजे. मेन स्टँडवर ३० ते ३५ मिलिमीटर ठेवली की बहुधा जमतं. घट्ट चेन तुटत नाही, ती गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.

पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करा. १६ चा १५ केला तर गिअरिंग सुमारे ६ टक्क्यांनी खाली येतं. आकडा लहान, पण चढावर पहिल्या गिअरमध्ये क्लच जाळण्याची वेळ त्यानेच टळते. हायवेवर ऐंशीला इंजिन थोडं जास्त ओरडेल, ओरडू द्या.

टायर पुढे ९०/९०-१९, मागे मॉडेलप्रमाणे ११०/९०-१८ किंवा १२०/८०-१८, दोन्ही माती-डांबर मिश्र वापराच्या नक्षीचे. पूर्ण गोट्यांचे टायर घेऊ नका, या मार्गावर निम्म्याहून जास्त डांबर आहे आणि ओल्या घाटात ते घसरतात. पुढचा मडगार्ड टायरच्या फार जवळ असतो. वायसर आणि लांब बोल्ट घालून तो २० ते २५ मिलिमीटर वर घ्या. नाहीतर चिकट मातीत चाक मडगार्डातच जाम होतं, आणि तेही उतारावर.

हँडल उंच करणारे रायझर २५ ते ३० मिलिमीटर. लावल्यावर हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघा: क्लच केबल ताणते का, डिस्कचा होज ओढला जातो का, न्यूट्रलमध्ये चालू इंजिनाचा आवाज आपोआप चढतो का. चढला तर ॲक्सिलरेटर केबल आखूड पडतेय. फूटरेस्टचं रबर काढून रुंद, दातेरी फूटरेस्ट घाला. उभं राहून चालवायचं तर ओल्या बुटाला रबर धरत नाही.

कार्बोरेटरचा एक बदल फुकट आहे आणि आठव्या दिवशी तोच गाडी वाचवतो. कार्बोरेटरमधून खाली लोंबणाऱ्या हवेच्या बारीक नळ्या असतात. त्यांची टोकं पाण्यात बुडली की फ्लोट बाउलला, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटीला, हवा मिळत नाही, पेट्रोल पुढे सरकत नाही आणि गाडी ऐन नाल्यात बंद पडते. एका नळीत टी-जोड टाकून तिची एक शाखा टाकीखाली वर नेऊन झिप टायने बांधा. झालं. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र, मात्र बदलू नका. ४,००० मीटरच्या वर हवा विरळ, मिश्रण पेट्रोलकडे झुकतं, प्लग काळे होतात, हे खरं. पण तसे दिवस तीन. लहान जेट घालून मनालीच्या खाली हायवेवर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला तर मिश्रण कोरडं पडून इंजिन तापतं. काळ्या प्लगवर ब्रश मारता येतो, चिकटलेल्या पिस्टनवर नाही.

फ्रेम कापणं, इंजिन बदलणं या वाटेला जाऊच नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेला सोडून फेरफार चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. बदल असे ठेवा की बोल्टने लागतील आणि बोल्टनेच निघतील.

शेवटी सगळे बोल्ट निळ्या थ्रेड-लॉकरवर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) बसवा आणि प्रत्येकावर रंगाच्या पेनाने एक रेघ ओढा, निम्मी बोल्टवर, निम्मी फ्रेमवर. बोल्ट फिरला की रेघ तुटते. पाना न लावता रोज दोन मिनिटांत सगळी गाडी तपासून होते. मग सामानासकट ताम्हिणीत किंवा वरंध्यात २०० किलोमीटर काढा. जे सुटायचं ते घराजवळ सुटू दे.

पुण्या-मुंबईहून गाडी रेल्वे पार्सलने चंदीगडला. टाकी पूर्ण रिकामी लागते, आरसे काढून बॅगेत ठेवा, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती काढून ठेवा. उतरवल्यावर आधी हँडल सरळ आहे का ते बघा, मग सही.

दिवस १: चंदीगड ते नारकंडा, सुमारे १७५ किमी

सगळं डांबर. शिमल्याची गर्दी सोडली तर सांगण्यासारखं काही नाही. टायरची हवा कंपनीच्या आकड्यावरच, पुढे २० आणि मागे ३० पीएसआय. संध्याकाळी रेघा बघा आणि स्पोक वाजवून घ्या. पान्याच्या टोकाने प्रत्येक स्पोकवर हलकी टिचकी मारायची: ताठ स्पोक टण् वाजतो, ढिला ठस्स करतो. एकटा-दुकटा ढिला असेल तर अर्धा फेरा आवळा. सलग तीन-चार ठस्स आले तर चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणारा कारागीर रामपूरपर्यंतच शोधा, त्यापुढे भरवसा नाही.

दिवस २: नारकंडा ते सांगला, सुमारे १७० किमी

रामपूरपर्यंत उतार, मग सतलजच्या काठाकाठाने. तरांडा ढांकला डोंगराच्या पोटात खोदलेला रस्ता, डोक्यावर खडक आणि डावी-उजवीकडे बघायला फुरसत नाही. निगुलसरीच्या पट्ट्यात वरून दगड सुटतात. तिथे फोटोला थांबू नये. करछमला सतलज सोडून बास्पाच्या खोऱ्यात वळलं की रस्ता अरुंद होतो आणि पहिल्यांदा उभं राहून चालवावं लागतं. गुडघ्यांनी टाकी धरायची, हँडल सैल. उभं राहिल्यावर हँडल बुटक्या माणसालाही खाली वाटतं, रायझर कशासाठी लावला ते इथे कळतं.

दिवस ३: सांगला, छितकुल, कल्पा

छोटा दिवस. छितकुल सुमारे ३,४५० मीटरवर, कल्पा त्याहून खाली. उंच जाऊन खाली झोपणं शरीराला बरं. छितकुलच्या वाटेवरचे छोटे ओढे पुढच्या मोठ्या नाल्यांची रंगीत तालीम समजा.

दिवस ४: कल्पा ते नाको, सुमारे १०० किमी

पोवारीच्या पंपावर टाकी गच्च भरा. इथून काझा, धनकरचा फाटा धरून, सव्वादोनशे किलोमीटर. २५ चं ॲव्हरेज धरलं तर ९ लिटर लागतील, टाकीत १३.५ आहेत. तरी या टप्प्यावर दोन-दोन डबे लटकवलेल्या गाड्या दिसतात. १० लिटर पेट्रोल म्हणजे साडेसात किलो, आणि तेही कॅरिअरच्या कडेला, सर्वांत वाईट जागी.

खाबला सतलज आणि स्पिती भेटतात. तिथून कड्याला बिलगून रस्ता वर चढतो, मग नागमोडी वळणं घेत नाकोला, ३,६०० मीटरच्या वर. पॉवर गेल्याचं इथे जाणवायला लागतं. ढोबळ हिशेब: ४,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५७ टक्क्यांवर येतो, म्हणजे २० ची गाडी साडेअकरा बीएचपीच्या आसपास येते. तिसऱ्यात गुरगुरत चढवायचा हट्ट नको, दुसरा टाका. आयडल थोडं वाढवा, नाहीतर वळणावर ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन बसतं.

दिवस ५: नाको ते काझा, धनकरमार्गे, सुमारे १३० किमी

नाकोनंतर मलिंगचा नाला. डोंगर सरकत राहतो, रस्ता दर वर्षी नवा. पहाटे पाणी कमी, दगडही गोठलेले. दुपारी दोन्ही सुटतात. पुढे ताबो, इसवी सन ९९६ मधला मठ, मातीच्या भिंती आणि आत अंधारात चित्रं. फोटो काढायला मनाई आहे, ते बरंच आहे.

पंक्चर होण्याची शक्यता याच पट्ट्यात जास्त, म्हणून ते इथेच. गाडीला ट्यूब आहे, त्यामुळे ट्यूबलेससारखी भोकात रबराची काडी घालून भागत नाही, चाक उतरवावं लागतं. हवा पूर्ण सोडा. टायरची कड रिमवरून सुटत नसेल तर दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड तिच्यावर टेकवून ती गाडी हळूच कलवा, कड सुटते. टॉमी (टायर काढायची पट्टी) वापरताना समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात पायाने दाबून धरा. सगळी गोम यात आहे. कड खोलात असली की टायर बोटभर सैल होतो, नसली की पहिलवानालाही निघत नाही. टायरच्या आतून हात फिरवा, चिंधी गुंडाळून, कारण खिळा अजून तिथेच असतो. नवी ट्यूब घालताना तिच्यात आकार येईल एवढीच हवा भरा आणि शंखजिरं लावा. टायर चढवायला वॉल्व्हच्या समोरून सुरुवात करायची आणि वॉल्व्हपाशी संपवायचं. शेवटचा घास घेताना वॉल्व्ह आत ढकला, म्हणजे ट्यूब टॉमीखाली चिमटत नाही. वॉल्व्हचा नट रिमवर आवळू नका, वर टोपीपाशी ठेवा. टायर रिमवर सरकला तर वॉल्व्ह तिरका दिसतो आणि आधीच कळतं. नट आवळलेला असेल तर वॉल्व्ह मुळापासून फाटतो.

जागा एकाच ट्यूबची असेल तर पुढची, १९ ची घ्या. मागच्या १८ मध्ये ती तात्पुरती चालते, उलट होत नाही.

दिवस ६: काझा

सामान खोलीवर ठेवून लांगझा, हिक्कीम, कॉमिक. हिक्कीमच्या पोस्टातून पत्रं टाकायची रांग असते. कॉमिक ४,५८७ मीटरवर. रिकामी गाडी किती वेगळी वागते बघा: तेच दगड, तीच उंची, पण प्लेट एकदाही टेकत नाही. पहिल्या दिवसापासूनचा वजनाचा मुद्दा इथे पाच मिनिटांत पटतो.

हवेचं एक गणित. बाहेरचा दाब कमी झाला की टायरमधली हवा गेजवर जास्त दिसते. शिमल्याच्या उंचीवर भरलेले ३० पीएसआय उद्याच्या कुंझुम खिंडीत ३३ होतात. थंडीने ते पुन्हा उतरतात, म्हणून सकाळी आकडा बरोबर दिसतो आणि दुपारी उन्हात टायर दगडासारखा होतो. दगडांवर मागे २५, पुढे १८. त्याखाली नको, ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटून सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

रात्री पारा शून्याजवळ. १५डब्ल्यू५० ऑइल घट्ट होतं, बॅटरी मंदावते. सकाळी सेल्फ मारत बसू नका. चावी बंद ठेवून चार किका हळू मारा, मग चावी लावून एक जोरात.

दिवस ७: काझा ते चंद्रताल

काझ्याच्या पंपावर टाकी भरा, पंप उघडतानाच जा. मनालीपर्यंत, चंद्रतालचा फाटा धरून, सव्वादोनशे किलोमीटर, आणि त्यातले बरेच पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. इथे २० चंच ॲव्हरेज धरा, म्हणजे ११ लिटरच्या वर. अख्ख्या मार्गावर जादा पेट्रोल हवं ते याच टप्प्यात. चार लिटर पुरे.

किब्बरवरून चिचमचा पूल ओलांडून लोसरकडे उतरता येतं, हायवेपेक्षा हा रस्ता देखणा आहे. लोसरला खाऊन घ्या. मग कुंझुम, साडेचार हजार मीटरच्या वर; मंदिराला प्रदक्षिणा घालूनच गाड्या पुढे जातात. पलीकडच्या उतारावर इंजिन ब्रेक वापरा, मागचा ड्रम धुळीने आधीच अर्धमेला असतो. चंद्रतालचा फाटा एका गाडीपुरता. समोरून जीप आली तर डोंगराच्या बाजूला थांबायचं, दरीच्या नाही, मग हॉर्न कितीही वाजो.

दिवस ८: चंद्रताल ते मनाली

सहाला निघा. सगळ्या प्रवासाची परीक्षा बातल ते ग्रांफू या पट्ट्यात आहे आणि ती वेळेवर अवलंबून आहे. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो; सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्याला लागतो. दहाच्या आत मोठे नाले मागे टाकायचे. पहाटे मात्र नाल्याच्या कडेला पातळ बर्फ असतो, काळा, दिसत नाही. तिथे ब्रेक आणि क्लच दोन्ही सोडून सरळ जाऊ द्या.

नाल्यात उतरण्याआधी चालत जा. पाणी एक्सलपर्यंत असेल तर चिंता नाही, फ्लोट बाउलच्या वर असेल तर थांबा, जीप जाऊ दे, तिची रेघ बघा. जिथे पाणी फेसाळतंय तिथे दगड वर आहेत, म्हणजे उथळ. जिथे गुळगुळीत आणि शांत, तिथे खोल. पहिला गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा, क्लचला बोट नाही, नजर पलीकडच्या काठावर. पुढच्या चाकाकडे बघितलं की चाक बघितलेल्या दगडावरच जातं.

गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फला हात लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. काठावर ढकला. दोन्ही प्लग काढा, या इंजिनाला दोन आहेत. दहा-बारा किका मारा. भोकांतून तुषार उडायचे थांबेपर्यंत. फ्लोट बाउलचा स्क्रू सैल करून पाणी-पेट्रोल सोडा. एअर फिल्टर कागदी आहे, भिजला तर पिळता येत नाही, म्हणून एक कोरडा बरोबर हवा. चालू झाल्यावर ऑइलच्या काचेत बघा: दुधाळ दिसलं तर ऑइलमध्ये पाणी आहे, मनालीत ते आधी काढायचं. ड्रम ब्रेक पाण्याबाहेर आल्यावरही शंभर-दोनशे मीटर लागत नाही. हळू चालवत पायाने तो दाबून ठेवा, आतली पट्टी वाळते.

छत्रूच्या पुढे रस्ता सुधारतो. ग्रांफूहून कोकसरला उतरून २०२० मध्ये सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून मनाली. बोगद्याच्या आधी थांबून हेडलाइटची काच पुसा, तिच्यावर चिखलाचा थर असतो आणि उन्हात ते लक्षात येत नाही.

मनालीत प्लेट उतरवा, आतला चिखल धुऊन काढा, चाकं दोन्ही हातांनी बाजूला हलवून बेअरिंगचा खडखडाट बघा, पुढचं चाक उचलून हँडल मध्यावर अडकतं का ते तपासा. अडकलं तर कोन सेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेला. टायरची हवा पुन्हा २० आणि ३०, कारण चंदीगडपर्यंत ३०० किलोमीटर डांबर आहे. तिथे टाकी परत रिकामी करायची आहे, म्हणून पेट्रोल मोजूनच भरा.